नावेचा उतार कुणाचा?

गेल्या खेपेला आपण पोषण आहाराच्या हिशोबाबद्दल बोललो होतो. आज जरा पाण्याकाठी जाऊ.

बीड म्हटलं की लोकांना टँकर आठवतो, ऊसतोड आठवते. नाव कुणालाच आठवत नाही. आजचा विषय सांगितला तेव्हा आमच्यातलीच एक काकू म्हणाली, "अगं, प्यायला पाणी नाही अन् तुम्ही नावेचं काय घेऊन बसलात?" काकूचं खोटं नाही. पण माजलगाव धरणाच्या काठावर ज्यांचं सासर आहे त्यांना विचारा. सिंदफणेवरचं हे धरण १९८७ साली पुरं झालं आणि पाणी आमच्या वावरांमधून, जुन्या गाडीवाटांवरून पसरलं. पलीकडचं शेत डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस जातो. म्हणून नाव. मासे धरायला नाव, पलीकडे खुरपायला जायला नाव, कधी पलीकडच्या पाहुण्याच्या मयताला जायलासुद्धा नावच.

नाव असली तरी तिच्यात चढायचं कुठून, हा खरा प्रश्न. धरणाचं पाणी नदीसारखं एका काठाला टेकून राहत नाही. माजलगाव भरलं की त्यात ४५४ दलघमी पाणी असतं. त्यातलं १४२ दलघमी मृतसाठा, म्हणजे कालव्यातून सुटू न शकणारं तळाचं पाणी. पाऊस चांगला झाला, पैठणच्या उजव्या कालव्यातून पाणी आलं, तर पाणी अगदी बांधाला लागतं. २०१६, २०१९, २०२४ या उन्हाळ्यांत मात्र धरण मृतसाठ्यात गेलं होतं. पाणी असं मागे सरतं तेव्हा काठावर उरते ती काळी माती, वरून सुकलेली, भेगाळलेली, आणि आतून लोण्यासारखी. भेगाळलेल्या पापुद्र्यावर पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत.

आमच्या गटातली एक बाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अशाच चिखलातून वर येत होती. पाय घसरला, पाटी वाचवायला हात पुढे केला आणि मनगट मोडलं. पाटीतला माल गेला, दोन महिने मजुरी गेली, आणि वर घरात ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. त्या दिवसापासून आम्ही नावेच्या उताराच्या मागे लागलो.

उतार म्हणजे काय ते सांगतो. काही जण रॅम्प म्हणतात, काही धक्का म्हणतात. धक्का म्हणजे पाण्यात उभी असलेली भिंत. ती आपल्या कामाची नाही, कारण पाणी खाली गेलं की धक्का हवेत उभा राहतो. आपल्याला हवा तो तिरका उतार, वरच्या पक्क्या वाटेपासून थेट पाण्यात शिरणारा. पाणी वर असलं तर वरच्या टोकाला नाव लागते, खाली गेलं तर खालच्या टोकाला. नाव ओढून वर घ्यायलाही तोच.

आता यातलं गणित आपण बायांनी शिकून घ्यावं, कारण अंदाजपत्रक करणारा माणूस आपल्याला ते सांगत नाही. उतार साधारण आठास एक असावा. म्हणजे आठ मीटर पुढे चाललं की एक मीटर खाली. त्याहून उभा केला तर ओल्या पायांनी, डोक्यावर ओझं घेऊन, बाई टिकत नाही. फार सपाट केला तर लांबी वाढते आणि खर्चही. समजा भरलेल्या धरणापासून उन्हाळ्यापर्यंत तुमच्या गावाच्या काठाला पाणी पाच मीटर खाली उतरतं. पाच गुणिले आठ, चाळीस मीटर लांबीचा उतार लागेल. कुणी पंधरा मीटरचा कागद पुढे केला तर समजून घ्या, तो फक्त दिवाळी ते संक्रांत चालणार आहे.

आमच्याकडे अगदी हेच झालं. मागणी करून तीन वर्षांनी उतार मंजूर झाला. काम निघालं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, निधी परत जाऊ नये म्हणून. धरणात तेव्हा बरंच पाणी होतं, त्यामुळे पाण्याच्या कडेपर्यंतच काँक्रीट टाकलं आणि फोटो काढून मंडळी गेली. मे महिन्यात उतार संपायचा तिथून पाणी तीस पावलं लांब. मधे तोच चिखल. पुढच्या पावसाळ्यात लाटांनी खालच्या टोकाची माती धुऊन नेली, काँक्रीटखाली पोकळी झाली. दुसऱ्या पावसाळ्यात फळी मोडावी तसा शेवटचा तुकडा मोडून पाण्यात गेला. त्याच्या गजात एकाचं जाळं अडकून फाटलं. आता तो उतार नसता तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ आली.

या चुकीतून आम्हाला जे कळलं ते तुमच्या कामी यावं म्हणून सांगतोय. काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकायचं नसतं. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वरचं काँक्रीट तिच्याबरोबर हलतं आणि तडकतं. आधी काळी माती खोदून काढायची, मुरूम भरायचा, दगडाचं सोलिंग करायचं, दाबून घ्यायचं, मग काँक्रीट. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत नको. ओलं असतानाच त्यात आडव्या तिरक्या खाचा पाडायच्या, म्हणजे पाय धरतो आणि पाणीही निथळतं. कडेला दोन्ही बाजूंनी आणि खालच्या टोकाला मोठ्या दगडांचं पिचिंग. नाव बांधायला तीन-चार ठिकाणी लोखंडी कड्या. आणि काँक्रीटवर पंधरा दिवस तरी पाणी मारायचं. धरणाच्या काठावर बसून काँक्रीट पाण्यावाचून तडकलेलं आम्ही पाहिलंय, त्यामुळे हे साधं वाटलं तरी सांगतो.

काम कधी करायचं? मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना. दुष्काळाचं वर्ष असेल तर उलट संधी समजा, कारण तेव्हा उघडी पडलेली जमीन पुन्हा चार-पाच वर्षं दिसणार नाही.

आता उतार कुणाचा, हा प्रश्न. आम्ही तीन दारं फिरलो. धरणाची पूर्ण संचय पातळीखालची जमीन संपादित झालेली, ती जलसंपदा खात्याची. मराठवाड्यात त्यासाठी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आहे. पाण्यातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार संस्थेला मिळतो. आणि काठावरचं गाव ग्रामपंचायतीचं. पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा, माणसं तिसऱ्याची. कोकणात समुद्राच्या जेट्टीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ आहे, आपल्याकडच्या धरणकाठाला तसं एकच दार नाही. म्हणून जो उठतो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

यातून वाट अशी काढायची. उतार बांधायचा ग्रामपंचायतीच्या नावाने, पण त्याआधी जलसंपदा खात्याचं ना हरकत पत्र घ्यायचं, जागेच्या नकाशासकट. पत्राशिवाय बांधलेला उतार अतिक्रमण ठरू शकतो. त्याच पत्रात उताराकडे जाणारी वाटही दाखवून घ्या. कारण पाणी ओसरलं की त्या जमिनीवर गाळपेर होते. खातं ती जमीन हंगामापुरती देतं, आणि देऊही दे, धरणग्रस्तांचा तो हक्क आहे. पण आमच्याकडे एका वर्षी उताराच्या तोंडाशीच टरबुजाची वाडी लागली. वेल तुडवायचे तर त्या माणसाचं नुकसान, न तुडवावे तर नाव कशी गाठायची? भांडण झालं ते दोन गरिबांमध्येच. वाट नकाशावर असती तर गाळपेर देतानाच ती पट्टी सोडली गेली असती.

पैसा कुठून येतो ते बघू. बांधायला पैसा मिळतो, आणि त्याची दारं बऱ्यापैकी आहेत. गावात ज्याला सगळे नुसतं 'पंचवीस-पंधरा' म्हणतात तो ग्रामविकास विभागाचा निधी, गावातल्या मूलभूत सुविधांसाठी. आमदारांचा स्थानिक विकास निधी, खासदारांचा निधी. खासदारांना वर्षाला पाच कोटी मिळतात, त्यात आख्खा मतदारसंघ. जिल्हा नियोजन समितीचा निधी. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. वित्त आयोगाच्या पैशातला अबंधित भाग ग्रामपंचायत स्वतः ठरवून वापरू शकते. पंधराव्या आयोगाने साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवले होते आणि चाळीस टक्के मोकळे. मासेमारीच्या बाजूने गेलात तर २०२० साली सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आहे. तिच्यात नाव-जाळ्यासारख्या लाभाच्या बाबींना ठरवलेल्या खर्चाच्या चाळीस टक्के अनुदान, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थींना साठ टक्के. साठ टक्क्यांसाठी पुरुषांनी घरच्या बाईच्या नावावर नाव घेतलेलीही आम्हाला माहीत आहे. घ्या म्हणावं, पण मग नावेच्या कागदाबरोबर पैशाचा हिशोबही तिच्या हातात द्या.

हे सगळे पैसे बांधायचे आहेत, राखायचे नाहीत. खासदार निधीच्या नियमात तर स्पष्ट आहे की बांधलेल्या मालमत्तेची देखभाल जी संस्था ती वापरणार तिने करायची. कोनशिलेवर नावं येतात, झाडणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. आमचा उतार मोडला तेव्हा आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. भाऊसाहेबांनी मालमत्तेची नोंदवही काढली, पानं उलटली. उतार त्यात नव्हताच. बांधून दोन वर्षं झाली, पण तो ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिल्याची नोंदच नव्हती. कागदावर जी वस्तू नाही तिच्या दुरुस्तीवर खर्च कसा टाकणार? भाऊसाहेब म्हणाले ते नियमाने बरोबर होतं, आणि आमचं मनगटही बरोबर होतं.

तेव्हा काम पुरं झालं की तीन कागद मागा. एक, हस्तांतरणाचं पत्र आणि नोंदवहीतली नोंद. दोन, मोजमाप पुस्तिकेची प्रत, किती लांबी-रुंदी-जाडीचं बिल निघालं ते बघायला. तीन, दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो ते लिहिलेला करार. या कालावधीत तडा गेला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. आम्हाला हे कळलं तेव्हा कालावधी संपून चार महिने झाले होते. कागद कुणी देत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डवालीला अर्जाची फी नाही, म्हणून आमच्याकडे अर्ज तिच्याच सहीने जातो.

आता राखण्याचा खर्च. तो वाटतो तेवढा मोठा नाही, फक्त दरवर्षी लागतो. पाणी मागे सरलं की उतारावरचा गाळ लगेच ओढायचा, वाळून दगड झाला की टिकाव लागतो. शेवाळ तारेच्या ब्रशने घासायचं. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकायची सवय काहींना आहे, ती मोडा. ते पाण्यात उतरतं आणि काठाशी असलेली मासळीची पिल्लं मरतात. उन्हाळ्यात उतार उघडा पडला की पहारीने ठोकत वरून खाली यायचं. भरीव असेल तिथे ठणठण वाजतं, खाली पोकळी असेल तिथे ढबढब. ढबढब वाजलं तिथे त्याच उन्हाळ्यात दगड आणि सिमेंटचा घोळ भरायचा. हे आम्ही एका जुन्या गवंड्याकडून शिकलो आणि त्याने ते पाच मिनिटांत शिकवलं.

हिशोब करून बघा. समजा काठाला वीस नावा लागतात आणि प्रत्येकीने महिन्याला शंभर रुपये दिले. महिन्याचे दोन हजार, आठ महिने पाणी धरलं तर सोळा हजार. गाळ काढायची मजुरी, ब्रश, सिमेंटची पाच-सात पोती, कड्यांना रंग, एवढं त्यात भागतं. उरेल ते बँकेत, मोठ्या दुरुस्तीसाठी. पैसा घ्यायचा अधिकार मात्र गटाने आपल्या मनाने घ्यायचा नाही. ग्रामसभेचा ठराव, खात्याची परवानगी, ग्रामपंचायतीची छापील पावती, आणि खर्च लिहिलेला फळा उताराच्या वरच्या टोकाला. पावतीशिवाय कुणी दहा रुपये जरी मागितले तरी द्यायचे नाहीत.

शाळेची लेकरं, आजारी माणूस, बाळंतीण यांच्याकडून काही घ्यायचं नाही. यावर आमच्यात वाद झाला. काही जण म्हणाले, पास काढू, सगळ्यांना सारखा नियम. आम्ही मानलं नाही. २०२३ साली गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची लेकरं जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जात असल्याची बातमी आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून तिची दखल घेतली. लेकराला शाळेत पोचवणं हे सरकारचं काम आहे, त्याचं भाडं लेकराकडून घेऊ नये असं आमचं मत आहे.

वापरणाऱ्याच्या पैशातून राखणं ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत हौशी मासेमारीच्या सामानावरचा कर वेगळा काढून मासळीसाठीच वापरायचा, असा कायदा १९५० सालचा आहे. पुढे १९८४ मध्ये त्यात मोटारबोटींच्या इंधनावरचा करही आला, आणि आज राज्यांना त्या निधीतले निदान पंधरा टक्के नावांचे उतार आणि धक्के यांवर घालावे लागतात. तिकडे लोक हौसेने नाव चालवतात, इकडे पोटासाठी. पण आपल्या नावाही डिझेल जाळतातच. त्या डिझेलवरच्या करातला एक पैसा तरी काठावर परत येतो का, हे आपल्या आमदारांना विचारायला हरकत नाही.

आणखी एक सूचना येईल, तिच्यापासून सावध राहा. "बचत गटाच्या बायकांनी घ्यावं की श्रमदानाने सांभाळायला!" टाळ्या पडतात. श्रमदान एकदा ठीक आहे. दर वर्षी गाळ काढायला गटाने फुकट जायचं आणि नावेचं उत्पन्न दुसऱ्याने घ्यायचं, हे आम्हाला मान्य नाही. ग्रामसंघाने व्यवस्थापन घ्यावं, पण लेखी करार करून आणि गाळ काढणारीला रोजची मजुरी देऊन. ग्रामपंचायतीने महिला-बालकल्याणासाठी ठेवायचे दहा टक्केही या कामात ओढू देऊ नका. उतारावरून पुरुषही चढतात.

जिवाचं बोलायचं राहिलं. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीत वैनगंगेत नाव उलटली; त्या बाया मिरची तोडायला पलीकडे निघाल्या होत्या. त्याच वर्षी २१ मे ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात नाव बुडाली, सहा जण गेले. आपल्या माजलगाव धरणात २०२२ च्या सप्टेंबरात एक जण बुडाला आणि त्याला शोधायला कोल्हापूरहून आलेल्या पथकातला जवानही त्याच पाण्यात गेला. पाण्याला कमी लेखायचं नाही. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १७६३ साली निजामाचं अर्धं सैन्य गोदावरीपलीकडे आणि अर्धं अलीकडे असताना पूर आला होता. अलीकडचे मराठ्यांच्या हाती सापडले आणि पलीकडचे बघत राहिले. फौजेची ही गत, तर आपल्या लहानशा नावेचं काय.

उताराने वारा थांबत नाही. पण उतार हीच एक जागा आहे जिथे नाव सुटायच्या आधी तिच्याकडे चार डोळे बघू शकतात. म्हणून तिथे एक खांब, त्यावर हवा भरलेली ट्यूब आणि लांब दोर कायम. नावेच्या अंगावर बाहेरून लाल पट्टा रंगवायचा. पट्टा पाण्याखाली गेला की एक माणूस उतरवायचा, तो पाटलाचा असो की पाहुणा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं की नाव सुटणार नाही. आणि उतारावर धुणं-भांडी, जनावरं नकोत. धुण्यासाठी बाजूला वेगळ्या पायऱ्या अंदाजपत्रकातच मागून घ्या, नाहीतर साबणाच्या बुळबुळीवर पहिली घसरणारी आपलीच बाई असते.

शेवटी आपल्या जिल्ह्याची खास अडचण. धरण भरलेलं असतं दसरा-दिवाळीला, आणि तेव्हाच निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं. गटातल्या बाया टोळीबरोबर, मागे राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. नाव सगळ्यात जास्त चालते ती या दिवसांत, आणि बघायला कुणी नसतं. टोळ्या मार्च-एप्रिलला परत येतात तोवर पाणी मागे गेलेलं असतं. म्हणून आम्ही कामाची वाटणी दोन हंगामांची केली आहे. खांब, दोर, ट्यूब, रंग हे पोळ्याच्या आसपास, टोळ्या निघायच्या आत. हिवाळ्यात पावती पुस्तक आणि फळा गावात राहणाऱ्या दोघींकडे. त्यातली एक सत्तरीची आहे, तिला लिहिता येत नाही, पण तिच्या नजरेतून नाव सुटत नाही. पहारीने ठोकणं, गाळ, दुरुस्ती परत आल्यावर, मे महिन्यात, मजुरी देऊन.

आमच्या मोडलेल्या उताराचं काय झालं, हे विचाराल. तो अजून पुरा झालेला नाही. १ मेच्या ग्रामसभेआधीच्या महिला ग्रामसभेत आम्ही ठराव लिहून घेतला: मोडका तुकडा आणि गज बाहेर काढणे, उतार खाली पंचवीस मीटर वाढवणे, नोंदवहीत नोंद घेणे. नोंद झाली आहे. गज निघाले आहेत. वाढीव लांबीचं अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला गेलंय. दरम्यान या उन्हाळ्यात पाणी सगळ्यात खाली गेलं त्या दिवशी आम्ही तिथल्या खडकावर पांढऱ्या रंगाने रेघ मारून ठेवली आणि तारीख घातली. मोजायला साहेब येतील तेव्हा त्यांना फीत त्या रेघेपासून धरायला लावायची आहे.